सेंद्रिय प्रसाधने आणि नाव न घेतलेले परिरक्षक

नवी दिल्ली : जुन्या दिल्लीत फतेहपुरी मशिदीपासून पश्चिमेकडे निघालेल्या खारी बावली रस्त्यावर रिठे, शिकेकाई, आवळकाठी, वाळा, मुलतानी माती आणि गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या यांची पोती उघडी मांडलेली असतात. याच परिसरात तिलक बाजार आहे. तेथे रसायनांचे आणि सुगंधी द्रव्यांचे घाऊक व्यापारी बसतात. 'सेंद्रिय' किंवा 'ऑरगॅनिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या चेहऱ्याच्या क्रीमला बहुधा या दोन्ही प्रकारच्या बाजारांतला माल लागतो. जाहिरातीत मात्र पहिल्याच बाजाराचे चित्र असते.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हे या व्यवसायाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. शहनाज हुसेन यांनी १९७०च्या दशकात दिल्लीतून वनौषधींच्या सौंदर्यप्रसाधनांना प्रतिष्ठा मिळवून दिली. १९९०च्या दशकात बायोटिक आणि लोटस हर्बल्स या कंपन्या या भागात वाढल्या. फॉरेस्ट एसेन्शियल्स (२०००) आणि कामा आयुर्वेद (२००२) यांनी आयुर्वेदाचे नाव महागड्या दुकानांत नेले. पहिल्या कंपनीत अमेरिकेच्या एस्टी लॉडरने २००८ मध्ये भागीदारी घेतली, तर दुसरीचे बहुसंख्य भाग २०२२ मध्ये स्पेनच्या पुइग कंपनीकडे गेले. मामाअर्थ ही नाममुद्रा चालवणारी गुरुग्रामची होनासा कन्झ्युमर ही कंपनी २०१६ मध्ये स्थापन झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये शेअर बाजारात नोंदवली गेली.

ही नावे केवळ व्यवसायाचा आवाका कळावा म्हणून दिली आहेत. या लेखाचा रोख त्यांपैकी कोणावरही नाही. प्रश्न संपूर्ण बाजाराचा आहे आणि तो एका शब्दाभोवती फिरतो. 'सेंद्रिय' या शब्दासाठी ग्राहक दुप्पट-तिप्पट किंमत मोजतो. त्या शब्दाचा अर्थ सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत भारतीय कायद्याने अद्याप बंधनकारकपणे ठरवलेला नाही. या रिकाम्या जागेत सर्वाधिक गैरसमज कशाचा होत असेल, तर तो परिरक्षकांचा, म्हणजे ज्यांना आपण सर्रास प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतो त्यांचा.

पाणी आले की परिरक्षक आले

दिवाळीच्या पहाटे अंगाला लावले जाणारे उटणे महिनोन्महिने डब्यात टिकते. शिकेकाईची पूड टिकते. घाण्याचे खोबरेल तेलही बराच काळ चांगले राहते. यांत कोणतेही परिरक्षक घालावे लागत नाही. कारण साधे आहे : त्यांत पाणी नसते. जिवाणूंना आणि बुरशीला वाढण्यासाठी पाणी लागते. उटणे दुधात किंवा पाण्यात कालवले की ते त्याच वेळी वापरून संपवायचे, उरले तर टाकून द्यायचे, ही घराघरांतील रीत याच अनुभवातून आलेली आहे.

आधुनिक क्रीम, लोशन, फेसवॉश किंवा सीरम यांची घडण याच्या उलट असते. त्यांत बऱ्याचदा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. त्यात कोरफडीचा गर, मध, गुलाबजल किंवा एखाद्या वनस्पतीचा अर्क मिसळला की सूक्ष्मजीवांना पाण्याबरोबर खाद्यही मिळते. म्हणजे जे उत्पादन जितके 'नैसर्गिक', तितके ते नासण्याचा धोका अधिक. ग्राहक रोज ओल्या बोटाने ती बरणी उघडतो, ती न्हाणीघरात ठेवतो आणि अनेक महिने वापरतो. त्यातच दिल्लीचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि पाठोपाठ दमट पावसाळा येतो. कुरिअरच्या गाडीतून, गोदामातून आणि दुचाकीवरच्या पेटीतून प्रवास करून आलेली बरणी घरी पोहोचेपर्यंत तिची कसोटी लागलेली असते.

अशा उत्पादनात परिरक्षक नसेल, तर काळजीचे कारण आहे. यासंदर्भात एक घटना आठवावी लागेल. ती प्रसाधनाची नसून औषधाची आहे, परंतु मुद्दा तोच आहे. चेन्नईजवळ तयार झालेले आणि अमेरिकेत 'परिरक्षकविरहित' म्हणून विकले गेलेले डोळ्यांचे थेंब २०२३ मध्ये परत मागवण्यात आले. औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूच्या संसर्गाशी त्यांचा संबंध अमेरिकी आरोग्य यंत्रणेने जोडला होता. १८ राज्यांत ८१ रुग्ण आढळले, १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. अनेक वेळा वापरायच्या बाटलीत पुरेसे परिरक्षक नसणे, हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवलेल्या आक्षेपांपैकी एक होता. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने मात्र तपासलेल्या नमुन्यांत दूषितता आढळली नसल्याचे सांगितले होते. दोष नेमका कोठे उत्पन्न झाला हा वाद बाजूला ठेवला, तरी 'परिरक्षक नाही' या शब्दांना सुरक्षिततेचे प्रमाणपत्र समजता येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

तेव्हा सेंद्रिय म्हणवणाऱ्या क्रीममध्ये परिरक्षक आढळले, यात गैर काहीच नाही. गैर आहे ती लपवाछपवी.

शेतातला अर्थ, बरणीतला अर्थ

'सेंद्रिय' हा शब्द मूळचा शेतीतला. रासायनिक खते आणि कीटकनाशके न वापरता पिकवलेले, असा त्याचा अर्थ. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. अन्नपदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि 'जैविक भारत' हे चिन्ह आले. प्रमाणपत्राशिवाय डाळीच्या पिशवीवर 'सेंद्रिय' छापणे त्यामुळे विक्रेत्याला अडचणीचे ठरते.

डाळीच्या पिशवीला असलेला हा नियम चेहऱ्याच्या क्रीमला मात्र लागू नाही. सौंदर्यप्रसाधने अन्न कायद्याखाली येत नाहीत. ती १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि डिसेंबर २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या सौंदर्यप्रसाधने नियमांखाली येतात. कोणते रंग आणि कोणते घटक वापरावेत वा वापरू नयेत, हे भारतीय मानक ब्यूरोचे ४७०७ क्रमांकाचे मानक सांगते. त्यात परिरक्षकांच्या मर्यादाही युरोपीय यादीच्या धर्तीवर दिलेल्या आहेत. पण कोणत्या क्रीमला सेंद्रिय म्हणावे, याविषयी बंधनकारक व्याख्या नाही.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१६ आणि २०१७ मध्ये १६१२८ क्रमांकाची मार्गदर्शक तत्त्वे दोन भागांत प्रसिद्ध केली. नैसर्गिक व सेंद्रिय घटकांचे प्रमाण कसे मोजावे, हे ती सांगतात. वेष्टनावर काय दावा करावा, हा विषय त्यांनी जाणीवपूर्वक बाहेर ठेवला आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनही सौंदर्यप्रसाधनांसाठी 'सेंद्रिय' या शब्दाची व्याख्या करत नाही. म्हणजे ही उणीव एकट्या भारताची नव्हे.

उरतात त्या खासगी प्रमाणन संस्था. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटनमधील पाच संस्थांनी मिळून २०१०च्या सुमारास 'कॉसमॉस' हे मानक तयार केले. त्यांतील फ्रान्सच्या इकोसर्ट या संस्थेचे भारतातील कार्यालय पूर्वी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. मराठवाड्यातील कापूस आणि डाळींच्या शेतकऱ्यांना हे नाव परिचित असेल. या मानकाच्या अटी वाचल्या तर बहुतेक ग्राहकांना आश्चर्य वाटेल. सेंद्रिय म्हणून प्रमाणित होण्यासाठी संपूर्ण उत्पादनाच्या किमान २० टक्के भाग सेंद्रिय असावा लागतो. फेसवॉश किंवा शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या उत्पादनासाठी १० टक्केही पुरतात. पाणी शेतात पिकत नाही, त्यामुळे ते सेंद्रिय गणले जात नाही, हे या कमी आकड्यांमागचे एक कारण आहे. वनस्पतिजन्य घटकांविषयीच्या अटी पुष्कळ कडक आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

आणि हे मानक कृत्रिम परिरक्षकांना पूर्णपणे मनाई करत नाही. बेंझोइक आम्ल, सॉर्बिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल व त्यांचे क्षार, बेंझिल अल्कोहोल आणि डिहायड्रोअॅसिटिक आम्ल यांना त्यात परवानगी आहे. फिनॉक्सीइथेनॉल आणि पॅराबेन यांना नाही. दिल्लीच्या दुकानांत किंवा संकेतस्थळांवर 'ऑरगॅनिक' म्हणून मांडलेल्या एखाद्या बरणीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत फिनॉक्सीइथेनॉल लिहिलेले दिसले, तर एवढे निश्चित समजावे की ती या मानकाखाली प्रमाणित झालेली नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र, प्रमाण एक टक्क्याच्या आत असेल, तर तो घटक वैध आहे.

निसर्ग आणि कारखाना

येथे एक गुंतागुंत आहे. बेंझोइक आम्ल पूर्वी ऊद या डिंकासारख्या पदार्थापासून मिळवत असत. देवघरात धूप म्हणून जाळतो तोच हा ऊद. सॉर्बिक आम्ल १८५९ मध्ये रोवन नावाच्या झाडाच्या फळांतून प्रथम वेगळे करण्यात आले. आज हे दोन्ही पदार्थ कारखान्यात तयार होतात. बेंझोइक आम्लाचा कच्चा माल टोल्युइन हा असतो आणि तो खनिज तेलापासून येतो. रेणू तोच, उगम वेगळा. त्याला 'निसर्गसदृश' म्हणायचे की कृत्रिम, यावर प्रमाणन संस्थांनी तडजोड केली आहे. ती तडजोड व्यवहार्य आहे. परंतु 'शंभर टक्के नैसर्गिक' या छापील वाक्यात ती मावत नाही.

पॅराबेनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. हे परिरक्षक १९२०च्या दशकापासून वापरात आहे आणि त्याचा एक प्रकार, मिथाइल पॅराबेन, ब्लूबेरीसारख्या फळांतही आढळतो. २००४ मध्ये ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातील संशोधक फिलिपा डार्ब्रे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन आढळल्याचे प्रसिद्ध केले. निरोगी ऊतींशी तुलना या अभ्यासात नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असा निष्कर्षही त्यात नव्हता. वृत्तपत्रांतून मात्र तो तसाच पोहोचला. 'पॅराबेनमुक्त' हे शब्द वेष्टनाच्या दर्शनी भागावर आले आणि ते आजतागायत तेथेच आहेत.

युरोपीय संघाने या प्रश्नाचा विचार अधिक बारकाईने केला. २०१४ मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घालण्यात आली. प्रोपाइल आणि ब्युटाइल या प्रकारांची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली गेली. मिथाइल आणि इथाइल हे प्रकार ठरलेल्या प्रमाणात सुरक्षित मानून कायम ठेवले गेले. म्हणजे सरसकट विष नव्हे आणि सरसकट निर्धोकही नव्हे.

दरम्यान, पॅराबेन काढून टाकणाऱ्या उत्पादकांना दुसरे काहीतरी घालावे लागलेच. जगभर अनेकांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा पदार्थ निवडला. परिणाम असा झाला की त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि अमेरिकेच्या स्पर्शजन्य त्वचादाहतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवले. युरोपने तो त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतून २०१७ पासून हद्दपार केला. त्याच अमेरिकी संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला वर्षातील 'अॅलर्जी न करणारा' पदार्थ म्हणून घोषित केले. भीतीपोटी केलेला बदल कोठे नेतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

युरोपीय आयोगाच्या २०१७च्या मार्गदर्शक दस्तऐवजाने, जो जुलै २०१९ पासून लागू झाला, 'पॅराबेनमुक्त' यासारखे दावे अयोग्य मानले. कारण असे की कायद्याने सुरक्षित ठरवलेल्या घटकाची ते अकारण बदनामी करतात. भारतात हे शब्द आजही विक्रीचे मुख्य साधन आहेत.

वनस्पतींचे अर्क परिरक्षक म्हणून वापरल्याचे सांगितले जाते, त्याविषयीही सावध असावे. द्राक्षफळाच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या, बियांचा अर्क हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जर्मनीतील संशोधकांनी १९९९ मध्ये बाजारातील असे सहा अर्क तपासले. त्यांपैकी पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम परिरक्षक आढळले आणि तिघांत त्याशिवाय ट्रायक्लोसान व मिथाइल पॅराबेनही होते. ज्या एका अर्कात कोणतेही परिरक्षक नव्हते, त्याने जिवाणूंवर काहीच परिणाम केला नाही.

आणखी एक पळवाट आहे. कॅप्रिलिल ग्लायकॉल किंवा इथाइलहेक्झिलग्लिसरीन हे पदार्थ त्वचा मऊ राखणारे घटक म्हणून नोंदले जातात; अधिकृत परिरक्षकांच्या यादीत ते नाहीत. सूक्ष्मजीवांना रोखण्याचे काम मात्र तेही करतात. त्यांच्या आधारे उत्पादनाला 'परिरक्षकविरहित' म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खोटे ठरत नाही. ग्राहकाला त्यातून जे समजते, ते खरेही नसते.

ज्याला ॲलर्जी आहे, त्याचे काय

हा सारा वाद केवळ शब्दांचा असता, तर त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याच्या त्वचेला एखादा विशिष्ट पदार्थ सोसत नाही, त्याच्या दृष्टीने वेष्टनावरील यादी हीच एकमेव ढाल असते.

अशा रुग्णाची 'पॅच टेस्ट' केली जाते. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत ही सोय आहे. संशयित पदार्थांचे लहान लहान नमुने पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी पट्ट्या काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा पाठ तपासतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित संचात पॅराबेनचे मिश्रण आणि फॉर्माल्डिहाइड यांचा समावेश असतो. फॉर्माल्डिहाइड महत्त्वाचे अशासाठी, की डीएमडीएम हायडँटोइनसारखी काही परिरक्षके ते हळूहळू सोडत राहतात. तपासणीनंतर डॉक्टर रुग्णाच्या हाती नावांची एक चिठ्ठी देतात : हे घटक टाळा. पुढचे काम रुग्णाचे. तो दुकानात जातो, बरणी उलटी करतो आणि यादी वाचू लागतो. यादीच नसेल, तर चिठ्ठीचा उपयोग शून्य.

यादी नसण्याला आपले नियमच वाव देतात. नियमानुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्याहून कमी प्रमाणातील घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने द्यायचे. परिरक्षक सहसा एक टक्क्याच्या आतच असते, त्यामुळे ते यादीच्या शेपटाकडे, वनस्पतींच्या लॅटिन नावांच्या गर्दीत जाऊन बसते. इतपत ठीक आहे. पण ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन वा अर्धघन मालाच्या वेष्टनाला घटकांच्या यादीतून सूट आहे. सीरमची नेहमीची बाटली ३० मिलिलिटरची असते. महाग आणि थेट चेहऱ्यावर राहणारे उत्पादनच या सवलतीत बसते, याकडे नियम करणाऱ्यांचे लक्ष गेले नसावे. पुष्कळ कंपन्या स्वखुशीने यादी छापतात, ही गोष्ट वेगळी.

दुसरा मार्ग आयुर्वेदिक परवान्याचा. मराठी वाचकांना 'विको'च्या हळदीच्या क्रीमचा खटला आठवत असेल. केशव पेंढरकर यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा उत्पादनशुल्क खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला : हे क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध? अखेर सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. तो वाद कराचा होता. परंतु एकाच प्रकारच्या वस्तूला दोन वेगळ्या चौकटी उपलब्ध आहेत, हे त्यातून सर्वांना कळले. आयुर्वेदिक परवान्याखालील उत्पादनांसाठी औषध नियमावलीतील नियम १६९ ठराविक परिरक्षकांना परवानगी देतो. अडचण वेष्टनाची आहे. अनेक आयुर्वेदिक क्रीमवर मंजिष्ठा इतके मिलिग्रॅम, चंदन इतके मिलिग्रॅम अशी काटेकोर यादी असते आणि शेवटी 'क्रीम बेस, यथावश्यक' एवढेच लिहिलेले असते. त्या 'यथावश्यक'मध्ये पाणी, मेण, पायसीकारक आणि परिरक्षक सारे सामावते. बरणीतला बहुतांश माल या एका शब्दाआड जातो.

येथे कोणी म्हणेल की वनस्पतींनी कोठे ॲलर्जी होते? होते, आणि चांगलीच होते. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत पूर्णतः नैसर्गिक आहे आणि देशातील असंख्य शेतकऱ्यांच्या त्वचादाहाचे ते कारण आहे. बिब्ब्याने उठलेला फोड ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सुगंधी तेलांतील लिनालूल आणि लिमोनिन हे घटक फुलाफळांतूनच येतात. तरीही ठराविक प्रमाणापुढे त्यांची नावे वेष्टनावर छापणे युरोपने सक्तीचे केले आहे.

चार राज्यांचा बाजार

राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची रचना नियामकांसाठी अवघड आहे. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या चार राज्यांचा भूभाग त्यात येतो. सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचे परवाने राज्य सरकारे देतात. आयातीची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना करते. एखाद्या नाममुद्रेचे कार्यालय गुरुग्राममध्ये, गोदाम दिल्लीच्या वेशीवर, उत्पादन हिमाचलातील बद्दी किंवा उत्तराखंडातील हरिद्वार येथील कंत्राटी कारखान्यात आणि विक्री संपूर्ण देशात मोबाइलवरून, अशी स्थिती सर्रास असते. तक्रार नोएडातील ग्राहकाने केली, तर ती कोणत्या राज्याच्या निरीक्षकाकडे जावी, हाच पहिला प्रश्न उभा राहतो. औषध निरीक्षकांवर औषधांच्या दर्जाचाच भार इतका आहे की क्रीमच्या बरणीवरील विशेषणे तपासण्यास सवड मिळणे कठीण.

तपासणी झाली तर काय निघू शकते, याची चुणूक दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने जानेवारी २०१४ मध्ये दाखवली होती. या संस्थेच्या प्रयोगशाळेने ७३ सौंदर्यप्रसाधने जड धातूंसाठी तपासली. गोरेपणाच्या ३२ क्रीमपैकी १४ मध्ये पारा आढळला आणि ३० लिपस्टिकपैकी निम्म्यांत क्रोमियम. तो अभ्यास परिरक्षकांचा नव्हता. परंतु वेष्टनावर नसलेली गोष्ट आत असू शकते, हे स्वतंत्र प्रयोगशाळेनेच दाखवून द्यावे लागले.

कायद्यात काहीच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९४०च्या कायद्याचे कलम १७-क वेष्टनावरील खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या विधानाला चुकीचे नामांकन मानते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. याच प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'शुद्ध' यांसारखे शब्द पुरेशा स्पष्टीकरणाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची अशाच स्वरूपाची तत्त्वे त्याच वर्षी फेब्रुवारीपासून लागू झाली.

ही पावले स्वागतार्ह आहेत. त्यांचा रोख मात्र पर्यावरणावर आहे. क्रीम विकत घेणारी व्यक्ती 'सेंद्रिय' हा शब्द जमिनीच्या आरोग्यासाठी वाचत नाही, ती तो स्वतःच्या त्वचेसाठी वाचते. शिवाय पुरावा मागायचा तर तो कशाच्या तुलनेत, हे ठरलेले हवे. अन्नाच्या बाबतीत ते ठरले आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी त्याच धर्तीवर व्याख्या करणे, लहान वेष्टनांची सवलत रद्द करणे आणि आयुर्वेदिक क्रीमच्या 'बेस'मधील घटकांची नावे छापण्याची सक्ती करणे, या तीन गोष्टींना मोठा खर्च नाही. नवा कारखाना उभारावा लागत नाही, छापण्याचा मजकूर तेवढा बदलावा लागतो. उद्योगाचा युक्तिवाद असा असतो की परिरक्षकाचे नाव पाहून ग्राहक बिचकतो. त्यात तथ्य आहे. पण ग्राहकाला बिचकायला शिकवले कोणी, तर 'अमुकमुक्त, तमुकमुक्त' अशा याद्या छापणाऱ्या याच उद्योगाने.

लहान उत्पादकांचा विचारही करावा लागेल. घरगुती साबण आणि क्रीम बनवणारे बचत गट प्रदर्शनांतून माल विकतात. कॉसमॉससारख्या परदेशी प्रमाणपत्राचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. व्याख्या करताना प्रमाणनाचा स्वस्त देशी मार्ग ठेवला नाही, तर 'सेंद्रिय' हा शब्द केवळ मोठ्यांच्या हाती राहील. शेतमालासाठी शेतकऱ्यांनी एकमेकांची शेते तपासण्याची सहभागी हमी पद्धत सरकारनेच चालवली आहे. तिचा काही भाग येथे उपयोगी पडू शकेल. मात्र पाणी असलेल्या क्रीमची सूक्ष्मजीव तपासणी शेजाऱ्याच्या डोळ्यांनी होत नाही, तिला प्रयोगशाळाच लागते.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती एक जुने आणि फारसे माहीत नसलेले कलम आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६व्या कलमानुसार कोणतीही व्यक्ती विकत घेतलेले प्रसाधन शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि त्याचा सही केलेला अहवाल मिळवू शकते. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रारही नोंदवता येते. बरणीत फिनॉक्सीइथेनॉल आहे का, असल्यास एक टक्क्याच्या आत आहे का, पॅराबेन किती आहे, हे विश्लेषक सांगू शकेल. ते क्रीम सेंद्रिय आहे की नाही, हे मात्र त्याला सांगता येणार नाही. कारण ज्याच्याशी ताडून पाहायचे, ते बंधनकारक मानक त्याच्या टेबलावर नाही.